रिसेप्टर पॅथी विचारत नाही

(सांगलीतील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि सांगली-मिरजेच्या मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘औषधोपचार आणि विषबाधा : न्यूक्लियर रिसेप्टरांची भूमिका’. एवढा जड विषय असूनही सभागृह भरलंय, याचा मला मनापासून आनंद आहे. समोर फार्मसीची मुलं-मुली दिसतायत, मेडिकल दुकानदार आहेत, मागं आशाताई बसल्यात, आणि विषय कुठलाही असो, पहिली रांग न सोडणारे आमचे ज्येष्ठ नागरिकही आहेत. मला हीच सभा हवी होती. जे सांगायचंय ते नुसतं डॉक्टरांना सांगून भागण्यासारखं नाही.

आधी एक विनंती. ज्यांच्या घरात आत्ता लेबल नसलेली पुडी, गोळी किंवा बाटली आहे, त्यांनी हात वर करा. लाजू नका, इथं कोणी कुणाचं नाव लिहून घेणार नाही. बरेच हात वर आले. आता त्यातल्या ज्यांनी ती पुडी आपल्या डॉक्टरांना दाखवलीय, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, जवळजवळ सगळे हात खाली गेले. माझं सगळं व्याख्यान या खाली गेलेल्या हातांसाठी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण फार्मसीच्या मुलांना ती पाठ असते आणि बाकीच्यांना एवढी पुरते. आपल्या पेशींत काही प्रथिनं अशी आहेत की त्यांच्यावर ठरावीक रेणू येऊन बसला की ती थेट डीएनएवर जाऊन कामाला लागतात आणि कुठलं जनुक चालू राहील, कुठलं बंद, हे ठरवतात. हे न्यूक्लियर रिसेप्टर. माणसात ते ४८ आहेत. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, थायरॉईडचं संप्रेरक, ‘ड’ जीवनसत्त्व, या सगळ्यांचे रिसेप्टर एकाच कुळातले. शिकागोला एल्वूड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून या वाटेची सुरुवात केली. १९८५ साली रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेनं ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचं जनुक वेगळं काढलं, तिकडे फ्रान्समध्ये पिएर शाँबों यांचं काम चालूच होतं, आणि २००४ साली या तिघांना मिळून लास्कर पुरस्कार, म्हणजे वैद्यकातला अमेरिकेचा एक मोठा मान, मिळाला. आज वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के औषधं या कुळावर काम करतात. प्रेडनिसोलोन, थायरॉक्सिन, स्तनाच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेन, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन, गर्भनिरोधक गोळ्या, सगळी त्यातच येतात. आपल्या अहमदाबादला तयार झालेलं आणि २०१३ साली भारतात मान्यता मिळालेलं सारोग्लिटाझरसुद्धा.

तासगाव, कवठेमहांकाळकडचे बागायतदार इथं असतीलच. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. कीटकांतही हे कूळ आहे. अळी कात टाकते ती एकडायसोन नावाच्या संप्रेरकामुळं, आणि त्याचा रिसेप्टर याच कुळातला. टेब्युफेनोझाइड, मेथॉक्सिफेनोझाइड ही कीटकनाशकं तो रिसेप्टर अवेळी जागा करतात. अळी भलत्या वेळी कात टाकायला लागते आणि मरते. माणसाकडं तो रिसेप्टर नाही, म्हणून तो मारा माणसावर चालत नाही. वनस्पतींत तर हे अख्खं कूळच नाही. मात्र भुरीवर मारायच्या ट्रायझोल गटातली काही बुरशीनाशकं यकृतातल्या याच कुळातल्या रिसेप्टरांना जागं करतात, हे प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि प्राण्यांत दिसलंय. तेव्हा फवारताना मास्क गळ्यात लटकवू नका, तोंडावर बांधा. बाकी या विषयावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी आनंदानं येईन.

आता मुद्द्याकडे. लोकांना वाटतं की औषधाचा गुण वेगळा आणि साइड इफेक्ट वेगळा. जणू गोळीत काहीतरी भेसळ राहिली आणि तिनं त्रास दिला, कंपनीनं जरा चांगली गोळी केली असती तर झाला नसता. या कुळातल्या औषधांत बहुतेक वेळा तसं नसतं. एकच रिसेप्टर शरीरात अनेक ठिकाणी असतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं काम वेगळं असतं. पायोग्लिटाझोन घ्या. मधुमेहाची ही गोळी पीपीएआर-गॅमा नावाच्या रिसेप्टरवर बसते. चरबीच्या पेशीत तो जागा झाला की इन्सुलिनला प्रतिसाद सुधारतो, साखर खाली येते. तोच रिसेप्टर मूत्रपिंडात मीठ-पाणी धरून ठेवतो, म्हणून पाय सुजतात आणि कमजोर हृदय आणखी दमतं. हाडातल्या मगजात तोच मूळ पेशींना हाडाकडून चरबीकडे वळवतो, म्हणून हाडं ठिसूळ होतात. तिन्ही ठिकाणी गोळी आपलं काम चोख करते. तिचीच बहीण रोसिग्लिटाझोन भारतात २०१० साली बंद झाली. पायोग्लिटाझोनवर जून २०१३ मध्ये बंदी आली आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या इशाऱ्यासह पुढच्याच महिन्यात ती उठली. मिरजेच्या दवाखान्यांतून त्या दिवसांत रुग्णांचे नुसते फोन येत होते.

पण आज मला मनातलं बोलायचंय ते स्टेरॉइडवर.

१९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका रुग्ण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांत त्याच औषधाचं दुसरं रूपही डॉक्टरांनी पाहिलं. स्टेरॉइड पेशीच्या पडद्यातून सहज आत जातं, आत वाट बघत असलेल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर बसतं, आणि दोघं मिळून केंद्रकात शिरतात. तिथं ते सूज पेटवणारी जनुकं दाबतात. दुखणं थांबतं. तिथंच ते साखर वाढवणारी, स्नायू झिजवणारी जनुकं चालू करतात. आणि मेंदूला निरोप जातो की कॉर्टिसॉल भरपूर आहे, तेव्हा मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीनं काम थांबवावं. महिनोन्‌महिने काम थांबलं की ती ग्रंथी आक्रसते.

जत तालुक्यातल्या एक मावशी होत्या. दुसऱ्याच्या बागेत द्राक्षाची विरळणी करायच्या. बोटं सुजायला लागली, सकाळी मूठ वळेना. आठवडी बाजाराला एक माणूस यायचा, त्याच्याकडून सांधेदुखीची पुडी सुरू केली. तपकिरी पावडर, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, त्यावर ना नाव ना गाव. दुसऱ्या दिवशी मावशी उठून विरळणीला गेल्या. तुम्हीच सांगा, ज्या बाईला वेणी घालता येत नव्हती ती कात्री धरून बागेत उभी राहिली, तर तिनं त्या पुडीवर विश्वास का ठेवू नये? मी तिला कधीच अडाणी म्हणणार नाही. तिनं गुण पाहिला होता.

ती पुडी वर्षानुवर्षं चालली. चेहरा गोल झाला, तेव्हा गावात लोक म्हणाले, तब्येत सुधारली. हातावर नुसत्या बांगडीच्या घासण्यानं काळेनिळे डाग पडायला लागले. बीपी आलं, शुगर आली, दोन्हींच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून सुरू झाल्या आणि पुडीही चालू राहिली. मग एका आषाढात मावशी दिंडीबरोबर पंढरपूरला निघाल्या. पुड्या संपल्या. माउलीच्या वाटेवर पुडी कशाला, म्हणून पुन्हा आणल्याही नाहीत. वाटेतच उलट्या सुरू झाल्या, अंगात त्राण उरलं नाही, चक्कर येऊन पडल्या. उन्हाचा त्रास समजून सलाईन लावलं. बीपी वर येईना. मिरजेला आणलं तेव्हा जवळजवळ बेशुद्ध होत्या.

आम्ही मुलाला विचारलं, काय औषधं चालू आहेत? त्यानं बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली. पुडीचं नाव नाही. आमच्या सिस्टरनं, त्याच भागातल्या मुलीनं, त्याच्या बोलीत विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ती औषध न्हवं ओ, ती जडीबुटी. पुडी घेतली की आई उठून कामाला जाती, न्हाई घेतली तर खाटंवर पडून ऱ्हाती.” निदान त्या एका वाक्यात होतं: पुडीत स्टेरॉइड होतं, आणि ती अचानक थांबल्यावर आक्रसलेली ग्रंथी कॉर्टिसॉल देऊ शकली नाही. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच, दिलं. संध्याकाळपर्यंत बीपी सावरलं, रात्री मावशींनी चहा मागितला.

त्या पुडीवाल्याचा मला राग येतो. तो राग मी लपवत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी अतिशय स्वस्त, ती कुटून भुकटीत मिसळायची आणि गरिबाला सांगायचं की हिच्यात केमिकल नाही. अशा पुड्या, काढे, कॅप्सूलमध्ये स्टेरॉइड सापडणं ही जगभरातली जुनी गोष्ट आहे. ज्यांनी आयुष्यभर निष्ठेनं आयुर्वेद केला, अशा आपल्या सांगलीतल्या वैद्यांना सगळ्यात जास्त दुखतं ते हेच. त्यांच्या शास्त्राचं नाव घेऊन दुसऱ्याच शास्त्राचं औषध विकलं जातं, तेही मात्रा न सांगता.

आणि हे फक्त पुडीवाल्यांपुरतं नाही. गजकर्णासाठी दुकानातून आणलेली, तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आठवा. त्यातलं क्लोबेटासॉल खाज दोन दिवसांत थांबवतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. आज त्वचारोगतज्ज्ञांकडं मांडीभर, कंबरभर पसरलेलं गजकर्ण घेऊन तरुण मुलं येतात ती त्यामुळंच. २०१८ साली अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम झाला. इथल्या मेडिकलवाल्या मित्रांना हात जोडून सांगतो, तो नियम पाळा. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे मलाही कळतं. तरी पाळा.

कोविडमध्ये काय झालं? जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, यानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी होतात. स्टेरॉइडचा याहून मोठा गौरव नाही. त्याच चाचणीनं हेही दाखवलं की ज्याला ऑक्सिजनच लागत नाही, त्याला फायदा नाही. पण व्हॉट्सॲपवर औषधाचं नाव फिरलं, कुणाला द्यायचं ते फिरलं नाही. ताप आला की पहिल्या दिवसापासून गोळी. साखर भडकली, प्रतिकारशक्ती दबली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण आले. ज्या घरांनी ते पाहिलं, त्यांना मी आणखी काय सांगू?

मावशींची गोष्ट अजून संपलेली नाही. आक्रसलेली ग्रंथी सावरायला महिने लागतात, म्हणून त्यांना हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सकाळ-दुपार ठरवून दिल्या. मावशींनी त्या घड्याळ लावून घेतल्या. पुढं खोकला सुरू झाला, वजन उतरलं. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्या शरीरात दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो, तसंच झालं. टीबीचे उपचार दुसरीकडे सुरू झाले, औषधं अगदी योग्य होती. आणि तिसऱ्या आठवड्यात मावशी पुन्हा तशाच पडल्या. तसंच बीपी, तशाच उलट्या. मुलगा शपथेवर सांगत होता की आईनं एकही गोळी चुकवलेली नाही. तो खरं बोलत होता.

का, ते सांगणं हाच आजचा पत्रिकेतला विषय आहे, आणि अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. ठीक आहे, जरा वेगानं चला माझ्याबरोबर.

१९९८ साली यकृतात आणि आतड्यात एक वेगळाच न्यूक्लियर रिसेप्टर सापडला, पीएक्सआर. बाकीचे आपल्या ठरावीक संप्रेरकाची वाट बघतात. हा बाहेरून आलेल्या नाना तऱ्हेच्या रेणूंना जागा देतो, कारण त्याची खोबण मोठी आणि लवचीक आहे. परका रेणू बसला की हा सीवायपी३ए४ आणि इतर विकरं (एन्झाइम) वाढवण्याचा हुकूम सोडतो, म्हणजे औषधं मोडून बाहेर काढणारी यंत्रणा वाढते. आपल्या भाषेत सांगायचं तर साखर कारखान्याच्या गेटवर एकाच शेतकऱ्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली म्हणून गाळपाची क्षमताच वाढवली. क्षमता वाढल्यावर मग ऊस कुणाच्याही फडातला येवो, तो झपाट्यानं गाळला जातो.

टीबीवरचं रिफॅम्पिसिन हे माणसाच्या पीएक्सआरला जागं करणारं फार जोरदार औषध आहे. आठवड्या-दोन आठवड्यांत यंत्रणा पूर्ण वाढते. मावशींचं हायड्रोकॉर्टिसोन याच यंत्रणेतून जातं. गोळी पोटात जात होती, पण रक्तात टिकत नव्हती. मात्रा वाढवली आणि मावशी सावरल्या. टीबीची एकही गोळी बंद करावी लागली नाही, हे मुद्दाम सांगतो. रिफॅम्पिसिन जीव वाचवतं. वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये लोक वर्ष-वर्ष पडून राहायचे, ते दिवस या औषधामुळं गेले. ते सोडायचं नाही, सोबतच्या औषधांचा हिशेब बदलायचा.

आशाताईंनो, हे तुमच्यासाठी. टीबीचा कोर्स चालू असलेल्या बाईनं माला-एन या गर्भनिरोधक गोळीवर अवलंबून राहू नये, गोळीतली संप्रेरकं लवकर मोडतात. रिफॅम्पिसिनवर असताना पाळी बिघडते, हे जर्मनीत १९७१ सालीच लिहिलं गेलं, तरी आजही ‘दिवस कसे गेले’ म्हणून गोंधळलेल्या बायका भेटतात. तांबी चालते, निरोध चालतो. एचआयव्हीच्या रुग्णाला डोल्यूटेग्राविर दिवसातून एकदा नाही, दोनदा लागते. मधुमेहाच्या काही गोळ्या कमी पडतात. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाचं रक्त पातळ करणारं वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल अपुरं पडून गुठळी होऊ शकते.

मग हे उंदरांत आधीच का कळलं नाही? उंदराचा पीएक्सआर रिफॅम्पिसिनला फारसं ओळखतच नाही. आणि उंदराचा ज्याला ओळखतो त्या पीसीएन नावाच्या रेणूला माणसाचा ओळखत नाही. २०१३ साली संशोधकांनी मानवी पीएक्सआर बसवलेले उंदीर घेतले, रिफॅम्पिसिन आणि टीबीचंच दुसरं औषध आयसोनियाझिड एकत्र दिलं, तेव्हा यकृतात प्रोटोपोर्फिरिन नावाचं द्रव्य साचून इजा झाली. साध्या उंदरांत तसं झालं नाही. टीबीच्या औषधांनी कावीळ का होते, याचा एक धागा तिथं आहे. फिटच्या फेनोबार्बिटाल, फेनिटॉइनवर वर्षानुवर्षं असलेल्यांची हाडं दुखतात, कारण याच वाढलेल्या यंत्रणेत ‘ड’ जीवनसत्त्वही लवकर मोडतं. त्यांना ते जीवनसत्त्व द्या, फिटच्या गोळीला दोष देऊन ती बंद करू नका.

आणि वनस्पती. युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदासीवर घेतात. तिच्यातलं हायपरफोरिन पीएक्सआर जागा करतं. अवयव-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांनी ती घेतली, प्रतिकारशक्ती दाबून नवा अवयव टिकवणाऱ्या सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर नवा अवयव नाकारू लागलं. आपला गुग्गुळ बघा. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात सत्यवती यांनी त्यावर प्रबंध लिहिला आणि मेदरोगावरच्या जुन्या श्लोकांपासून आधुनिक प्रयोगापर्यंतची वाट घातली. मला तो प्रबंध भारतीय औषधशास्त्राचा अभिमान वाटतो. गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरॉन एफएक्सआर या दुसऱ्या न्यूक्लियर रिसेप्टरला अडवतं, हे २००२ मध्ये दिसलं, आणि पुढं तेच पीएक्सआरला जागं करतं हेही प्रयोगशाळेत दिसलं. २००३ च्या अमेरिकी चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उलट थोडं वाढलं. म्हणजे गुग्गुळ पोकळ नाही, त्याच्यात ताकद आहे. ताकद आहे म्हणूनच तो वॉरफेरिनच्या शेजारी लिहून ठेवला पाहिजे. रिसेप्टर विचारत नाही की रेणू ॲलोपॅथीचा, आयुर्वेदाचा की बाजारातल्या पुडीचा. तो बसला की काम सुरू.

म्हणून माझा आग्रह, गेली कित्येक वर्षं प्रत्येक सभेत धरतोय तो: घरातल्या प्रत्येक माणसाची औषधांची एक वही. शाळेची साधी वही चालेल. गोळी, पुडी, काढा, मलम, सुई, डोळ्यात घालायचे थेंब, सगळं त्यात. कधी सुरू, कधी बंद, तारखेसह. पुडी असेल तर तिचा कागदच चिकटवा. डॉक्टर मित्रांनो, ‘काय औषधं चालू आहेत’ एवढंच विचारू नका. ‘औषध नाही असं वाटणारं काय घेता’ हेही विचारा, आणि उत्तर आलं तर रागावू नका. रागावलात की पुढच्या वेळी ते उत्तर येणार नाही.

चिठ्ठी दुसऱ्यांदा आलीय, एवढंच सांगून थांबतो. वहीत ‘बंद’ची तारीख सगळ्यात जास्त जपा. टीबीचा कोर्स संपतो, घरात पेढे वाटले जातात, रुग्ण दवाखान्याची वाट विसरतो. पण रिफॅम्पिसिन थांबलं की साधारण दोन आठवड्यांत यकृताची यंत्रणा पूर्वपदावर येते. कोर्समध्ये वाढवून ठेवलेलं वॉरफेरिन तेवढंच राहिलं तर आता ते जास्त होतं, आणि हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूत रक्तस्राव होतो. मावशींची हायड्रोकॉर्टिसोनची मात्राही आम्ही तेव्हाच उतरवली. तेव्हा आशाताई, शेवटची गोळी दिली त्या दिवशी वहीत पुढच्या दोन आठवड्यांवर खूण करा, आणि रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असेल तर त्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला स्वतः घेऊन या.